व्यवसायासाठी पहिला ड्रोन घेताना: आधी कागद, मग काम, मग कॅमेरा

“दीड लाखात कोणता ड्रोन घेऊ?” फोटोग्राफीच्या धंद्यात नव्याने उतरणारा प्रत्येक जण हे विचारतो, आणि दुकानदारापासून यूट्यूबवाल्यापर्यंत सगळे लगेच एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळे होतात. मी आधी दोन उलट प्रश्न विचारतो. पहिला, कुणाचं काम करणार? लग्नं, बिल्डरच्या साइट, की रिसॉर्ट-हॉटेलवाल्यांचे व्हिडिओ? दुसरा, पोलिसाने मांडवाबाहेर हटकलं तर खिशातून कोणता कागद काढणार?

हौशी माणसाला दुसरा प्रश्न सोडून देता येतो. पैसे घेऊन उडवणाऱ्याला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते. भारतात आज कॅमेरा ड्रोन घेणं ही निम्मी तांत्रिक आणि निम्मी कागदोपत्री खरेदी आहे, आणि परदेशी परीक्षणं बघून ठरवणाऱ्याला हा दुसरा अर्धा भाग दिसतच नाही.

वजनकाट्यापासून सुरुवात

आपल्याकडचा कायदा म्हणजे ड्रोन नियम, २०२१. ते २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले आणि त्यानंतर त्यांत काही दुरुस्त्या झाल्या. नियमांची सगळी उतरंड वजनावर आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. त्याच्या वरचे वर्ग आपल्या कामाचे नाहीत.

छोट्या व्यावसायिकाचं सगळं गणित नॅनो आणि मायक्रो यांच्यामधल्या रेषेवर फिरतं. नॅनो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, टाइप सर्टिफिकेटही (ड्रोनचं मॉडेल तपासून दिलेली सरकारी मान्यता) लागत नाही आणि थर्ड पार्टी विम्याची सक्तीही नाही. मायक्रोच्या बाबतीत हौसेसाठी उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेट माफ आहे, पण पैसे घेऊन काम केलं की ते लागतं. त्याशिवाय ड्रोनच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट हवं, तुमच्या ड्रोनला स्वतःचा युआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक हवा (तो नॅनोलाही लागतो) आणि विमाही हवा. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

२४९ ग्रॅम छापलेला ड्रोन म्हणजे नॅनो, असं डोळे मिटून धरू नका. तो आकडा कंपनीच्या साध्या बॅटरीसकटचा असतो. त्याच ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी लावली की वजन २५० च्या वर जातं आणि तुमचा नॅनो मायक्रो होतो. पंख्यांचे गार्ड, वरून बसवलेला दिवा, बाहेरच्या कंपनीचा जाड फिल्टर, नावाचं स्टिकर, सगळं त्यात मोजलं जातं. सोनाराकडे असतो तसला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा काही शे रुपयांत मिळतो. उडवायच्या अवस्थेतला, म्हणजे बॅटरी, कार्ड आणि फिल्टरसकटचा ड्रोन त्यावर ठेवून फोटो काढा आणि तो फोटो फोनमध्ये जपून ठेवा. हटकणाऱ्याशी बोलताना तो उपयोगी पडतो.

बाजारात जे दिसतं आणि जे घेता येतं

९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. पूर्ण जोडलेला ड्रोन असो की सुट्या भागांचा जोडायचा संच, दोन्हींना ती लागू आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी अपवाद आहेत. सुटे भाग आणता येतात. लग्नाच्या शूटिंगसाठी अपवाद नाही.

आता तारखा जुळवून बघा. डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी ३ प्रो मे २०२२ मध्ये बाजारात आला. मॅविक ३ प्रो, एअर ३ आणि मिनी ४ प्रो ही २०२३ ची मॉडेलं. म्हणजे बंदीच्या दिवशी यांतलं एकही विक्रीला नव्हतं. तरीही दुकानांत आणि इन्स्टाग्रामवर ती सर्रास दिसतात. ती कोणत्या वाटेने आली हे विक्रेत्याला विचारा आणि त्याचं उत्तर बिलावर उतरतं का ते पाहा. बिलावर “कॅमेरा ॲक्सेसरीज” किंवा “खेळणं” असं लिहून मिळत असेल, तर तुम्ही काय विकत घेताय हे विक्रेत्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवर सरसकट ५ टक्के जीएसटी आहे. सरळ बिलावर “ड्रोन” हा शब्द, अनुक्रमांक आणि हा दर, तिन्ही असायला हवेत.

“माझा मामेभाऊ अमेरिकेतून येताना घेऊन येतो” ही दुसरी लोकप्रिय वाट. प्रवाशाच्या बॅगेतून आलेला ड्रोनही आयातच असतो, आणि विमानतळावरच्या कस्टम्सच्या फॉर्मवर तो जाहीर करावा लागतो. तुमच्या धंद्यासाठी मामेभावाला कस्टम्सच्या टेबलापुढे उभं करू नका.

मग सरळ मार्गाने उरतं काय? तीन गोष्टी.

एक, भारतात बनलेला किंवा जोडलेला नॅनो. असे ड्रोन आता मिळतात, चांगल्या परदेशी मॉडेलपेक्षा स्वस्तही पडतात. दर्जा मात्र फार वरखाली आहे. काहींत तीन अक्षांचं खरं गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची चौकट, असतं, तर काहींत दोन अक्षांचं किंवा नुसतं सॉफ्टवेअरने थोपवलेलं चित्र. त्यामुळे खाली दिलेली चाचणी इथे सगळ्यात महत्त्वाची. युआयएन कसा आणि कोणत्या सरकारी पोर्टलवरून मिळतो, हेही विक्रेत्याकडून खरेदीआधी लेखी घ्या.

दोन, नोंदणी झालेला जुना ड्रोन. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या ड्रोनसाठी नोंदणीची वेगळी सोय नियमांत होती. त्या काळातले मॅविक २ प्रो आणि एअर २ एस यांच्यात १ इंचाचा सेन्सर आहे आणि चित्र आजही कामाचं आहे. युआयएन असलेला ड्रोन विकताना नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करता येते. पैसे देण्याआधी पोर्टलवरची नोंद मालकाच्या लॉगिनमधून उघडून बघा आणि ड्रोनच्या अंगावरचा अनुक्रमांक तिच्याशी ताडून पाहा. स्क्रीनशॉट चालवून घेऊ नका.

तीन, टाइप सर्टिफिकेट असलेला मायक्रो. अशा मॉडेलांची यादी सरकारी पोर्टलवर असते. ती वाचली की जरा हिरमोड होतो, कारण तिच्यात फवारणीचे आणि सर्वेक्षणाचे ड्रोन भरपूर आणि लग्न-रिसॉर्टसाठी घ्यावेत असे कॅमेरा ड्रोन फारच थोडे. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जसारख्या कंपन्यांची यंत्रं पाहणी आणि नकाशांसाठी बनलेली असतात, आणि किंमतही त्याच हिशेबाची असते.

माझं मत सरळ आहे: पहिला ड्रोन सरळ बिलाचा नॅनो घ्या. तो कागदांच्या दृष्टीने सगळ्यात हलका आहे, पडला तर समोरच्याचं नुकसान कमी होतं, आणि रील, साइट व घराच्या फोटोंसाठी पुरतो. मायक्रोकडे दुसऱ्या वर्षी वळा, तेही गिऱ्हाईक मागायला लागल्यावर.

पायलट सर्टिफिकेट घ्यावं का?

नॅनोला लागत नाही, तरी घ्या. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण एवढ्या अटी आहेत. सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना ओळखीचा पुरावा म्हणून चालतो. फी संस्थेगणिक बदलते. तीन-चार ठिकाणी विचारा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करा: प्रत्यक्ष हातात रिमोट किती तास देणार? सिम्युलेटर आणि वर्गातच बहुतेक वेळ जाणार असेल, तर दुसरीकडे बघा. कंपनी, बिल्डर किंवा सरकारी कार्यालय काम देताना हे सर्टिफिकेट मागतं, आणि तीच गिऱ्हाइकं वेळेवर पैसे देतात.

कामाकडून कॅमेऱ्याकडे

लग्नाच्या कामात ड्रोनवाला बहुतेकदा मुख्य फोटोग्राफरच्या हाताखाली असतो. तुमची क्लिप त्याच्या एडिटमध्ये जाणार, म्हणून तो कोणत्या फ्रेम रेटवर आणि कोणत्या रंग प्रोफाइलवर शूट करतो ते आधी विचारा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून २५ किंवा ५० फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० शटर ठेवलं, तर लॉनवरच्या साध्या दिव्यांची लुकलुक व्हिडिओत येत नाही. ड्रोन पेटीतून बाहेर येतो तेव्हा बरेचदा ३० फ्रेमवर असतो. घ्यायच्या ड्रोनमध्ये २५ आणि ५० दोन्ही आहेत ना, हे पाहा. काही स्वस्त मॉडेलांत फक्त ३० असतं.

लग्नातली दुसरी गरज अंधाराची. वरात, संगीत, रिसेप्शन सगळं संध्याकाळनंतर. इथे सेन्सरचा आकार थेट पैसे कमावतो. १/२.३ इंचाचा सेन्सर दिवस मावळला की चित्रात खडबडीतपणा आणतो. १/१.३ इंचाचा सांजवेळेपर्यंत तग धरतो. १ इंच आणि त्यावरचे रोषणाईचं चित्र नीट देतात. मेगापिक्सेलचा आकडा मी शेवटी बघतो. छोट्या सेन्सरवरचे ४८ मेगापिक्सेल मोठ्या सेन्सरवरच्या २० ला रात्री हरवू शकत नाहीत.

बिल्डरच्या कामाला वेगळंच लागतं. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच कोनातून फोटो. त्यासाठी ठरवून दिलेल्या बिंदूंवर आपोआप जाणारा मोड हवा. रॉ फाइल आणि एकाच दृश्याचे वेगवेगळ्या उजेडाचे सलग तीन-पाच फोटो काढायची सोय हवी, म्हणजे दुपारी अर्धी इमारत उन्हात आणि अर्धी सावलीत असली तरी दोन्ही दिसतात. या कामाला नॅनो उत्तम चालतो. शिवाय महिन्याला ठरलेलं येणं, म्हणून नवख्याने लग्नांपेक्षा इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. एमआयडीसीतले कारखाने, शाळा-कॉलेजं, कृषी पर्यटन केंद्रं हीही याच जातीची कामं.

रिसॉर्ट आणि जाहिरातीच्या व्हिडिओंना १० बिट रंग (जास्त रंगछटा) आणि लॉग प्रोफाइल (नंतर रंग देता यावेत म्हणून मुद्दाम फिकं ठेवलेलं चित्र) लागतं, कारण एडिटर रंग ओढून-ताणून बघतो. त्याच वेळी हालचाल मुलायम दिसावी म्हणून शटर १/५० वर रोखावं लागतं. आयएसओ १०० आणि ॲपर्चर कायमचा एफ १.७ असलेल्या छोट्या ड्रोनवर भर उन्हात त्यासाठी एनडी ६४ ते एनडी २५६ पर्यंतचे, उजेड कमी करणारे फिल्टर लागतात. फिल्टरचा संच हा ड्रोनच्या किमतीचाच भाग धरा.

सर्व्हे आणि नकाशांचं काम नवख्याने पहिल्या वर्षी घेऊ नये. त्याला मेकॅनिकल शटर, जमिनीवरचे नियंत्रण बिंदू आणि वेगळं सॉफ्टवेअर लागतं. शेताच्या बांधाच्या वादात तुमच्या फोटोला मोजणीचं वजन नसतं, ते काम भूमी अभिलेख कार्यालयाचं. “जरा वरून फोटो काढून द्या, बांध कुठे सरकलाय बघू” असं कुणी म्हणालं तर नम्रपणे दूर राहा.

वारा, ऊन आणि छापील मिनिटं

पेटीवर ३४ मिनिटं लिहिलेली असतात. ती वारा नसताना, एका ठरावीक वेगाने, बॅटरी संपेपर्यंत उडवून मोजलेली. तुम्ही पाव बॅटरी शिल्लक असताना खाली येणार आणि मध्ये वाऱ्याशी झुंजणार, त्यामुळे हाताशी २० ते २३ मिनिटं उरतात. तीन बॅटऱ्यांपेक्षा कमी घेऊन धंद्याला बसू नका. शूटिंग नसेल त्या आठवड्यात बॅटऱ्या निम्म्या चार्जवर ठेवा. पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटऱ्या लवकर फुगतात. विमानप्रवासात त्या हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात.

वाऱ्याचा आकडाही वाचायला शिका. मिनी ४ प्रोच्या वर्गातले ड्रोन सेकंदाला १०.७ मीटरपर्यंतचा वारा सोसतात, म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर. ७२० ग्रॅमचा एअर ३ सेकंदाला १२ मीटरपर्यंत. कागदावर फरक थोडा, पण सह्याद्रीच्या कड्यावर तो चांगलाच जाणवतो. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी खालून वर उडतं ते बघायला गर्दी लोटते. पाणी उलटं फेकणाऱ्या वाऱ्यात पाव किलोच्या ड्रोनचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा उठतो, म्हणून तिथली कामं सकाळी उरका. कुठेही आधी वाऱ्याच्या तोंडाकडे जा, म्हणजे परतताना बॅटरी कमी असताना वारा पाठीशी असतो.

आणि ऊन. बहुतेक कॅमेरा ड्रोनची कामाची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो आणि लग्नांचा मोसमही तेव्हाच असतो. विदर्भात धंदा करणाऱ्याने दुपारच्या मुहूर्ताचं शूटिंग सकाळच्या आणि संध्याकाळच्या शॉट्सवर भागवायचं गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं. एक सोय मात्र आहे: आपल्याकडे चातुर्मासात लग्नं नसतात आणि तोच काळ पावसाचा. साधा ड्रोन पावसात चालत नाही, त्यामुळे यंत्राची सुट्टी आणि धंद्याची सुट्टी एकत्रच पडते.

पैसे देण्याआधीची चाचणी

दुकानात टेबलावर ड्रोन चालू करून बघणं म्हणजे चाचणी नव्हे. विक्रेत्याला गावाबाहेर, हिरव्या झोनमध्ये (जिथे उडवायला परवानगी लागत नाही, पुढे बघा) चला म्हणा. जुना ड्रोन असेल तर तर नक्कीच.

आधी साध्या मातीच्या जमिनीवरून उडवा. आरसीसी स्लॅबच्या गच्चीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर नको, कारण लोखंडामुळे होकायंत्र गोंधळतं आणि दोष ड्रोनचा की गच्चीचा ते कळत नाही. उपग्रहांची पुरेशी संख्या दिसेपर्यंत थांबा. मग माणसाच्या उंचीपेक्षा तीन-चार फूट वर ड्रोन सोडून द्या आणि हात रिमोटवरून काढा. तो मिनिटभर जागेवर उभा राहायला हवा. गोल-गोल सरकत फिरू लागला तर होकायंत्र किंवा आयएमयू (तोल सांभाळणारा सेन्सर) बिघडलंय.

पुढे कॅमेरा. वेगाने पुढे जाऊन अचानक थांबवा आणि क्षितिजाची रेषा बघा. ती एका बाजूला कलून तशीच राहिली तर गिंबलला मार बसलेला आहे. नंतर दोन गोष्टींचं शूटिंग करा: मंगलोरी कौलांचं छप्पर आणि वाऱ्यात डोलणारा उभा ऊस. कौलांच्या समांतर ओळींवर कॅमेरा हळू सरकवला की स्वस्त सेन्सरवर इंद्रधनुषी लाटा नाचताना दिसतात. उसाच्या पात्यांवर कमी बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला कमी डेटा साठवणारा, कॅमेरा हार मानतो आणि हिरवा चिखल करून टाकतो. हे दोन्ही फोनच्या छोट्या पडद्यावर कळत नाही. कार्ड घरी नेऊन मोठ्या मॉनिटरवर, पूर्ण आकारात बघा. “फोर के” असं छापलेल्या काही ड्रोनची फाइल प्रत्यक्षात कमी रिझोल्यूशनवरून फुगवलेली असते, तीही इथेच पकडली जाते.

शेवटी घरी परतायचं बटण. उंची आधी ठरवा. पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. दरीच्या तळाशी उभं राहून परतीची उंची ६० मीटर ठेवली आणि मध्ये २०० मीटरचा डोंगर असला, तर ड्रोन सरळ डोंगरात घुसतो. मोकळ्या मैदानावर बटण दाबून बघा: एक-दोन मीटरच्या आत उतरला तर ठीक, पाच-सहा मीटर चुकला तर किंमत कमी करा किंवा सोडून द्या.

आणि विचारा: गिंबलची रिबन केबल, पंखे, मोटरचा हात हे भाग कोण देतं आणि किती दिवसांत? मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीत फिरून त्या मॉडेलच्या भागांची चौकशी करा. ज्याचे पंखेसुद्धा मागवून घ्यावे लागतात तो ड्रोन ऐन मोसमात तुम्हाला घरी बसवेल.

पैशाचं गणित

आकडे तुमच्या भागाचे घाला, पद्धत अशी ठेवा. समजा ड्रोन, तीन बॅटऱ्या, फिल्टर, कार्डं आणि पेटी मिळून १,६०,००० रुपये. दोन वर्षांत तो जुना झाला असं धरा, म्हणजे वर्षाला ८०,०००. विमा आणि दुरुस्ती २५,०००. एकूण वर्षाला १,०५,०००. वर्षात ६० कामं मिळाली तर प्रत्येक कामावर नुसत्या यंत्राचा खर्च १,७५०. आता समजा अर्ध्या दिवसाचे ४,००० मिळतात. पेट्रोल ५००, सोबतच्या पोराचे ७००. हातात उरतात १,०५०, आणि त्यात फाइली निवडायची रात्र आहेच. कामं ३० वर आली तर यंत्राचा वाटा दुप्पट, म्हणजे ३,५०० होतो, आणि तुम्ही खिशातले ७०० घालून वऱ्हाडात फिरताय.

म्हणून कर्ज काढून मोठा ड्रोन घेण्याआधी एक मोसम दुसऱ्या ड्रोनवाल्याबरोबर सोबती म्हणून जा. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं, उद्यम नोंदणी फुकट होते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर एरवी जीएसटी नोंदणीची सक्ती नसते.

जागा: कुठे चालेल, कुठे नाही

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे झोन असतात. हिरव्यात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल म्हणजे केंद्र सरकारची. नोंदणी आणि सर्टिफिकेटची कामं आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर होतात.

ड्रोन घेण्याआधी हा नकाशा उघडा आणि तुमच्या गावाभोवतीची मंगल कार्यालयं, साइट, रिसॉर्ट त्यावर शोधा. पुण्यात लोहगावला हवाई दलाचं ठाणं, खडकवासल्याला एनडीए. नाशिककडे ओझर आणि देवळाली. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आणि उत्तरेला मोपा. तुमचं निम्मं गिऱ्हाईक लाल-पिवळ्यात बसत असेल, तर धंद्याची गावंच बदलावी लागतील.

नकाशा हिरवा असला तरी स्थानिक आदेश वेगळा असू शकतो. मुंबई पोलीस ड्रोन उडवण्यावर वेळोवेळी मनाई आदेश काढतात. मे २०२५ मध्येही तो निघाला होता. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने गावंच्या गावं जागी राहिली होती. त्यामुळे अनोळखी गावात काम असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि सरपंचांच्या कानावर घाला. शेजारच्या गच्चीवरच्या लोकांनाही आधी सांगा. लोक ड्रोनला घाबरत नाहीत, आपल्या अंगणात कोण डोकावतोय याला घाबरतात.

किल्ल्यांवरचं प्री-वेडिंग हा हल्लीचा मोठा मोह. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले रायगड, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. परवानगीचं दार किल्ल्यागणिक वेगळं. ताडोबा-मेळघाटात वनखात्याला विचारल्याशिवाय पेटीसुद्धा उघडू नका. परवानगीचा खर्च आणि वेळ गिऱ्हाइकाच्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा.

पहिल्या कामाला जाताना

अक्षता पडताना ड्रोन मांडवाच्या डोक्यावर आणू नका. पंख्यांचा झोत अक्षता बाजूला उडवतो, झालर फडफडते, भटजींचा माइक घरघरतो आणि व्हिडिओग्राफर कायमचा शत्रू होतो. तो शॉट बाजूने, लांबून, थोडा तिरपा घ्या. वरातीत आतषबाजी कोण आणि कधी उडवणार हे आधी विचारा. विजेच्या तारा आणि लॉनवर ताणलेल्या दिव्यांच्या माळा दिवसाउजेडी पायी फिरून बघा, संध्याकाळी पडद्यावर त्या दिसत नाहीत. घारी घिरट्या घालत असतील तर थांबा. घार ड्रोनवर झेपावलीच तर झटकन सरळ वर घ्या.

सोबत एक माणूस हवाच. तुमची नजर पडद्यावर असते, त्याची आकाशात आणि आजूबाजूच्या पोरांवर. नियमही ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायला सांगतो. पेटीच्या झाकणाच्या आत बिल, नोंदणी, सर्टिफिकेट, विमा आणि पोलिसांची पोच यांच्या प्रती एका प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटवा.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा सूचनांसाठी मांडला आहे. मोठी खरेदी करायच्या आठवड्यात डीजीसीए आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना वाचा, आणि विक्रेत्याला बिलावर लिहून द्यायला सांगा: “नोंदणी न झाल्यास ३० दिवसांत पूर्ण परतावा.” जो लिहून देत नाही, त्याच्या दुकानातून बाहेर पडा.